पन्नाशीनंतर स्पर्धेत बुद्धिबळ खेळताय? या चुका टाळा

आम्ही कोकणातले बरेचसे जुने खेळाडू ओटीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बुद्धिबळ शिकलो. हात अजून त्याच सवयीने चालतात आणि जिंकत आलेला डाव तिथेच जातो.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, करताना घरी कोण बघतंय? स्पर्धेत आधी राजाला हात लावायचा, आणि दोन्ही मोहरी एकाच हाताने हलवायची. हत्ती आधी उचलला तर त्या खेळीत त्या हत्तीशी कॅसलिंग नाही. तसंच, प्यादं वजीर होताना दुसरा वजीर जवळ नसला की उलटा हत्ती ठेवायची आपली जुनी खोड. नियमात तो हत्तीच धरतात. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागा.

अर्धा गुण मात्र सर्वांत जास्त वेळा बरोबरी मागताना जातो. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. ती येतेय हे कळतं, आपण घाईघाईने खेळी करतो, घड्याळ दाबतो आणि मग पंचांना हाक मारतो. तोवर हक्क गेलेला असतो. आपल्या खेळीने पुनरावृत्ती होणार असेल तर ती फक्त स्कोअरशीटवर, म्हणजे खेळ्या लिहायच्या कागदावर, लिहा, खेळू नका, आणि पंचांना बोलवा. समोरच्याच्या खेळीने झाली असेल तर कुठल्याही मोहऱ्याला हात लावण्याआधी सांगा.

आणि थकवा. मालवणात एकदा हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती असा शेवट आला. माझा राजा प्याद्याच्या वाटेतच उभा, म्हणजे बरोबरी हातात. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीत धरून ठेवायचा. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पार टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. जुन्या काळच्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरची ही पद्धत मला पाठ होती. पण चौथ्या तासाला बसून बसून कंटाळलो आणि प्यादं सरकायच्या आधीच शह द्यायला निघालो. समोरचा राजा पुढे घुसला, माझ्या राजाला बाजूला व्हावं लागलं. हरलो. आता हीच स्थिती मी दर आठवड्याला नातवाबरोबर दोन्ही बाजूंनी खेळतो, घड्याळ लावून. दुपारच्या फेरीआधी सुरमई-भात पोटभर खाणंही सोडलंय. थोडी पेज पुरते.

मोबाइल बंद करून पंच सांगतील तिथे ठेवा. वाजला तर डाव जाऊ शकतो.

पावसाळ्यात वीज गेली तर अंधारात बसून राहू नका. डिजिटल घड्याळ सेलवर चालतं, ते थांबत नाही. घड्याळ थांबवा आणि लगेच पंचांना हाक मारा.