धबधब्याची जंगलवाट: जायचं कसं आणि परतायचं कसं

धबधब्याच्या ट्रेकमध्ये एक गोम असते. डोंगरमाथ्यावर जायचं तर आधी चढ आणि मग उतार, हे ठरलेलं. धबधबा मात्र बरेचदा दरीच्या पोटात असतो. जाताना वाट मजेत खाली उतरवते आणि खरा चढ परतीच्या थकलेल्या पायांसाठी राखून ठेवते. म्हणून तयारी करायची ती परतीचा विचार करून.

आदल्या दिवशी वेळेचं गणित मांडा

नकाशात अंतर आणि चढ बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ४ किलोमीटर अंतर आणि ४५० मीटर चढ असेल तर ४८ अधिक ४५ मिनिटं, म्हणजे साधारण दीड तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि चांगल्या वाटेचा. मुळं, चिखल, ओढे असतील तर त्यावर निम्मा वेळ आणखी धरा, आणि वेग धरा तो गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा.

आता संध्याकाळकडून मागे मोजा. सूर्यास्त साडेसहाला. परतीला सव्वादोन तास. झाडीत अंधार लवकर पडतो, त्याचा पाऊण तास. अडीअडचणीला एक तास. उत्तर आलं दुपारी अडीच. अडीच वाजले की माघार, मग धबधब्याचा आवाज कानावर येत असला तरीही. ही वेळ घरीच ठरवून टाका. तिथे पोचल्यावर ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणणारा कुणीतरी निघतोच.

कुठे जाताय आणि कधी परताल, हे मागे राहणाऱ्या एकाला सांगून ठेवा.

सॅक भरताना

पाणी, खाणं, रेनकोट, प्रथमोपचाराचं सामान, शिट्टी, आणि दिवसाचा ट्रेक असला तरी हेडटॉर्च. सुती कपडे टाळा, कारण भिजलेलं सूत अंगावर वाळत नाही आणि थंडी भरते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. दरीत फोन सतत नेटवर्क शोधत बसतो आणि बॅटरी संपवतो, तेव्हा तो एअरप्लेन मोडवर टाका. दाट झाडीत जीपीएसचा ठिपका इकडे तिकडे सरकतो, त्यामुळे दोन पायवाटांतली बरोबर कोणती, हे त्याला विचारण्यात फारसा अर्थ नसतो.

जंगलात चालताना

प्रत्येक फाट्यावर थांबा, मागे वळा आणि आलेली वाट परतताना कशी दिसेल ते बघून घ्या. तीच वाट उलट्या दिशेने अगदी अनोळखी वाटते.

ओल्या मुळावर पाय देऊ नका, ते ओलांडा. वाटेला आडवं पडलेलं, साल निघालेलं मूळ सगळ्यात निसरडं. कातळ काळा, चकचकीत किंवा हिरवट दिसला की शेवाळ आहे असंच समजा.

ओढा ओलांडायचा तर बूट घालूनच, आणि पात्र जिथे रुंद आणि उथळ असेल तिथून. अरुंद जागा सोयीची वाटते, पण तिथेच पाण्याला जोर असतो. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच पाय हलवा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा खाली लगेच धबधब्याची कडा असेल, तर त्या जागी ओलांडायचंच नाही.

धबधब्यापाशी

इथे आधी पाणी वाचा. काठावरचा एखादा अर्धा बुडालेला दगड हेरून ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगड दिसेनासा होऊ लागला, पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला किंवा आवाज एकाएकी वाढला, तर सामानाच्या मागे न लागता बाजूच्या चढावर जा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो.

धारेच्या अगदी खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड आणि फांद्याही येतात. डोहात उडी तर नकोच. प्रत्येक पुरात तळाशी दगड सरकतात, त्यामुळे मागच्या खेपेची खोली यंदा असेलच असं नाही. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात पट्टीचा पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. आणि फोटोसाठी कडेवर चढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा: तिथला दगड पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो. धबधब्याच्या गाजेत हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ‘निघा’ आणि ‘थांबा’ या दोन खुणा आधीच ठरवा.

परतीला

उतार असेल तर बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. पावलं लहान ठेवा, गुडघे किंचित वाकलेले.

वाट चुकल्यासारखी वाटली तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. ‘ओढा धरून उतरलं की वस्ती लागते’ हा सल्ला ऐकू नका. ओढा तुम्हाला पुढच्या कड्यावर नेऊन सोडेल. मागची जागाही सापडत नसेल तर एका जागी बसा, मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. समोरून तीन शिट्ट्या आल्या की तुमचा आवाज पोचला असं समजा.

खाली आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचीड चिकटली आहे का बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बूट आतला तळवा काढून सावलीत वाळवा. आगीजवळ ठेवले तर डिंक सुटून सोल निघतो.