सबस्क्रिप्शन घेण्याआधी गेम ठरवा
गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लससारखी, ठरावीक पैसे भरून बरेच गेम खेळू देणारी सेवा घेतली की समोर गेमचा ढीग येतो आणि अख्खी संध्याकाळ नुसती यादी चाळण्यात जाते. म्हणून पैसे भरण्याआधीच दोन-तीन गेम नक्की करा: एक मोठा, बाकीचे छोटे. मोठा रोल-प्लेइंग गेम पन्नास तास सहज खातो. या महिन्यात तेवढी सवड नसेल तर सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात घ्या, सेवा कुठे पळून जात नाही.

गेम मात्र जातात. गेमच्या कंपनीशी सेवेचा असलेला करार संपला की ते यादीतून निघतात. गेम पासमध्ये लवकरच जाणाऱ्या गेमचा वेगळा विभाग असतो, तो सगळ्यात आधी बघा. तिथला एखादा अर्धवट राहिला आणि खरंच आवडला असेल, तर जाण्याआधी सदस्यांना तो बऱ्याचदा सवलतीत विकत घेता येतो. सेव्ह केलेला खेळ वाया जात नाही.

प्लेस्टेशन प्लसवर दर महिन्याला मिळणारे गेम आत्ता खेळायचे नसले तरी लायब्ररीत जमा करा. सदस्यत्व थांबलं की त्यांना कुलूप लागतं, पुन्हा सुरू केलं की उघडतं.

आणि पैसे भरल्याबरोबर ऑटो-रिन्यूअल, म्हणजे मुदत संपल्यावर आपोआप पुन्हा पैसे कापले जाणं, बंद करून टाका. भरलेली मुदत सहसा पूर्ण वापरता येते. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडतो खरा, पण तो वर्षभर नियमित खेळणाऱ्यांसाठी. परीक्षा किंवा कामाच्या धबडग्यात महिनोन्‌महिने कंट्रोलर हातात येत नसेल, तर सुट्टीपुरता एकेक महिना घेतलेला बरा.