थर्मास, बर्फ आणि बिबट्याचं अंडाशय

'वन्यप्राण्यांच्या प्रजननावर काम करायचंय' असं म्हणणारं कुणी भेटलं की मी आधी विचारते, पहाटे पाचला कत्तलखान्याच्या दारात उभं राहता येईल का? बरेच जण तिथेच गप्प होतात. पण या विद्येची मुळाक्षरं म्हशीच्या आणि भटक्या मांजरींच्या अंडाशयांवरच गिरवावी लागतात. वाघ-बिबट्याची पाळी शेवटी येते, तीही नशिबात असेल तर.

मी पशुवैद्यक. बीव्हीएससीनंतर पशुप्रजननात एमव्हीएससी केलं आणि एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर लागले. मादीच्या अंडाशयात अर्धवट अवस्थेत थांबलेल्या असंख्य अंडपेशी असतात. मादी मेली की त्याही वाया जातात. मेल्यावर काही तासांत त्या काढून इन्क्युबेटरमध्ये पक्व करायच्या, हे आमचं काम, आयव्हीएम. पक्व म्हणजे आकाराने मोठी नव्हे. पेशी थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू करते, केंद्रकाचं आवरण विरघळतं, निम्मी गुणसूत्रं एका इवल्याशा गोळ्यात बाहेर टाकली जातात आणि पेशी शुक्राणूची वाट पाहत परत थांबते. तो गोळा म्हणजे पोलर बॉडी. सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर आम्ही तोच शोधत असतो.

माझी पहिली मोठी चूक बर्फाची. नसबंदी शिबिरातून मिळालेली मांजरींची अंडाशयं चार अंशांवर ठेवली तर दिवसभर टिकतात. हे मी शिकले होते, आणि त्याच तोऱ्यात म्हशीची अंडाशयंही बर्फाच्या डब्यातून आणली. म्हशीची आणायची असतात थर्मासमधून, कोमट सलाइनमध्ये. तिच्या अंडपेशींना गारठा सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या डिशमध्ये मिळून एकही पोलर बॉडी नाही. सर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "म्हशीला मांजर समजलीस."

ते वाक्य मला पुढे वर्षानुवर्षं पुरलं. मांजरीच्या अंडपेशीत चरबी इतकी की ती काळीकुट्ट दिसते, आत काय चाललंय ते रंगवल्याशिवाय कळत नाही. भोवती पेशींची भरगच्च झालर असेल तीच निवडायची. मग ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि साधारण एक दिवस. कुत्रीची तर तऱ्हाच न्यारी: तिची अंडपेशी कच्चीच बाहेर पडते आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवसांनी पिकते. त्यामुळे डिशमध्ये ती पिकवणं महाकठीण. आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर डिशमध्ये फलन करून, कुत्र्याची पिल्लं जन्मल्याची बातमी आली ती थेट २०१५ साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून, आणि त्यांनीही बीजवाहिनीत पिकलेल्या अंडपेशी घेतल्या होत्या. लांडगा, कोळसुंदा यांच्यावर काम करायचं स्वप्न असेल तर हे आधीच माहीत असू द्या.

आकड्यांची सवय करून घ्या, ते नेहमी गळत जातात. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या जगात दोनच माद्या उरल्यात, नाजिन आणि फातू, केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्यापासून दहा अंडपेशी काढल्या आणि इटलीत क्रेमोनाला पिकवायला नेल्या. सात पिकल्या. आधीच मेलेल्या नरांचं गोठवलेलं वीर्य वापरून शेवटी गोठवण्याजोगे भ्रूण बनले दोन, दोन्ही फातूचे. आमच्या क्षेत्रात याला घवघवीत यश म्हणतात.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स या वन्यजीव संवर्धन केंद्राचं नाव सगळे घेतात. तिथलं २००६ सालचं चितळाचं पाडस मात्र कृत्रिम रेतनाचं होतं, म्हणजे वीर्य थेट मादीच्या शरीरात सोडून झालेलं. मुलाखतीला जाताना रेतन, आयव्हीएफ आणि आयव्हीएम यांची खिचडी करू नका. माझ्यासमोर हमखास होते. पशुवैद्यक नसाल तरी चालतं: जीवशास्त्रात एमएससी आणि नेट-जेआरएफ हा दुसरा रस्ता. फक्त सुरुवातीला हात थरथरतात, कारण ब्लेडने अंडाशय चिरायचं काम आम्ही पशुवैद्यकच कॉलेजात शिकलेलो असतो.

आणि परवानगी. मेलेल्या बिबट्याचं अंडाशयही वन्यजीव कायद्याने सरकारी मालमत्ता असतं. कागद आधी तयार नसतील तर प्राणी मेल्यावर धावाधाव करून काही उपयोग नाही, अंडपेशी थांबत नाहीत.

आमचे कागद एकदा तयार होते. गाडीच्या धडकेत बिबट्याची मादी गेली, शवविच्छेदनानंतर संध्याकाळी डबा आला. रात्री अकरापर्यंत मी अंडाशयं चिरत होते. झालर शाबूत असलेल्या अंडपेशी मोजक्याच निघाल्या. दुसऱ्या रात्री त्यांतल्या दोनांत पोलर बॉडी दिसली. मी सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "वीर्य आहे का?" नव्हतं. दोन्ही पेशी रंगवून स्लाइडवर घेतल्या, तारीख टाकली आणि फ्रीजमध्ये ठेवल्या, मांजरींच्या स्लाइड्सच्या शेजारी.