घाटात ट्रक तापतो, सपाटीवर ठीक: माझा अनुभव

आमचा सहाचाकी ट्रक इंदूर-सेंधवा धावतो. लक्षण असं: सपाटीवर तापमानाचा काटा मधोमध, पण माल भरून धामणोदकडून मानपूरचा घाट चढायला लागला की थेट लाल पट्टीत.

थर्मोस्टॅट, कूलंट बदललं, रेडिएटर धुतला. फरक शून्य. मग रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा लावला. वायरिंग तापलं, काटा तिथेच. हिशोब आधीच करायचा होता: 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, 24 व्होल्टवर साधारण 31 अँपिअर. ट्रकचा इंजिनावर चालणारा यांत्रिक पंखा पूर्ण जोरात असला की कित्येक हॉर्सपॉवर खातो. तेवढा करंट अल्टरनेटर (ट्रकची वीज बनवणारा) कुठून आणणार? दोन भाडी गेली, चिडचिड वेगळी.

देवास नाक्याच्या मिस्त्रींनी इंजिन चांगलं गरम केलं, बंद करून चावी काढली, मग यांत्रिक पंख्याचं पातं ढकललं. गरम असताना ते जड लागून लगेच थांबायला हवं. आमचं चार फेरे फिरलं. "भिया, व्हिस्कस क्लच गेला." म्हणजे तापलं की आतल्या सिलिकॉन तेलाने पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग. हबवर (क्लचच्या मधल्या भागावर) त्याच तेलाचा धूळ बसलेला चिकट पट्टा होताच. मी तो ग्रीस समजून दोनदा पुसला होता!

इंजिन गार झाल्यावर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग इलेक्ट्रिक पंखा उतरवला, कारण तो हवाच अडवत होता. श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) सैल करून पंखा क्लचसकट बाहेर काढला, नवा क्लच जोडला (आणताना उभाच ठेवा, आडवा ठेवला तर तेल गळू शकतं). श्राउड आवळून पातं कुठे घासत नाही ना ते हाताने फिरवून पाहिलं, बेल्टचा ताण तपासला, शेवटी बॅटरी जोडली.

आता चढावर पंखा घोंघावत लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होतो.