घरचे फ्रेंच फ्राइज कुरकुरीत कसे करावेत

हॉटेलातले फ्राइज ताटलीत कुरकुरीत येतात, आणि घरचे मात्र कढईतून टेबलापर्यंत नेईस्तोवर माना टाकतात. दोष सहसा तेलाला दिला जातो. खरी भानगड पाण्याची आहे. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. तळताना कडेचं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि कोरडं कवच धरतं, पण आतली ओल हळूहळू पुन्हा त्या कवचाकडे सरकते. कवच जितकं जाड आणि कोरडं, तितका वेळ फ्राइज कुरकुरीत. एकदाच तळून असं कवच धरत नाही, म्हणून दोनदा तळायचं.

बटाटा जुना आणि पिठूळ हवा. नवा, पातळ सालीचा बटाटा उकडून खायला छान, पण त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. ओळखता येत नसेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून बटाटा त्यात सोडा. पिठूळ असेल तो स्टार्चमुळे जड असतो, तळाशी जातो; चिकट असेल तो तरंगतो.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असे फ्राइज आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतात आणि चवीला किंचित गोडसर, कडवट लागतात. शिवाय जास्त साखरेमुळे तळताना अॅक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थही जास्त तयार होतो. अंधारी, हवेशीर जागा बरी.

५०० ग्रॅम बटाटे सोलून १ सेंटिमीटर जाडीचे लांब तुकडे करा. लांबी कमीजास्त चालेल, जाडी नाही. बारीक तुकडा जळतो तेव्हा जाड तुकडा अजून कच्चा असतो. कडेच्या निमुळत्या चिपट्या बाजूला काढा, त्या शेवटी वेगळ्या तळता येतात. तुकडे पाणी निवळेपर्यंत तीन-चारदा धुवा आणि अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवा. कापताना सुटलेलं स्टार्च धुतलं नाही तर तुकडे कढईत एकमेकांना चिकटतात. थोडी साखरही या पाण्यात उतरते.

आता कोरडे करणं. इथे घाई नडते. चाळणीत निथळून भागत नाही. सुती कापडावर एकेरी पसरा, वरून दुसरं कापड दाबून टिपा आणि दहा मिनिटं तसेच राहू द्या. तुकडा उचलल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. ओले तुकडे टाकले की तेल अंगावर उडतं, फेस वर चढतो आणि तेलाची उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते.

पहिलं तळण शिजवण्यासाठी असतं, रंग आणण्यासाठी नाही. खोल कढईत १ लिटर तेल घ्या, पण कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. तेल १५० ते १६० अंश सेल्सिअसला आलं की एका वेळी २०० ते २५० ग्रॅम तुकडे सोडा. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून पाहा: तो आधी बुडाला आणि बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला, तर तेल बरोबर आहे. ५-६ मिनिटांत तुकडे मऊ होतात, पण फिकेच राहतात. झाऱ्यावर उचलल्यावर तुकडा वाकला आणि बोटांत सहज दबला की काढा. इथेच सोनेरी होऊ लागले तर आच जास्त आहे.

काढलेले तुकडे जाळीवर सुटे पसरून किमान अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. वाफ निघून जाते, पृष्ठभाग सुकतो. पाहुणे यायचे असतील तर इथपर्यंतचं काम सकाळीच उरकून ठेवावं. किंवा ताटात एकेरी थर लावून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. गोठताना बर्फाचे कण बटाट्याच्या पेशी फोडतात, त्यामुळे आतला गर उलट जास्तच भुसभुशीत होतो. असे तुकडे न वितळवता तळायचे, मात्र एका वेळी निम्मेच, कारण ते तेल फार थंड करतात.

दुसऱ्या तळणाला तेल १८५ ते १९० अंश हवं. या तेलात तुकडा टाकताक्षणी जोरात फेसाळून वर येतो. घाणा आधीच्या निम्म्याने लहान ठेवा. २-३ मिनिटं पुरतात. डोळ्यांइतकाच कानांचाही उपयोग करा: सुरुवातीची मोठी खळखळ हळूहळू मंदावते, म्हणजे बाहेर पडणारं पाणी संपत आलं. रंग सोनेरी झाला आणि आवाज बसला की लगेच काढा.

काढल्यानंतरची काही सेकंदं फार महत्त्वाची. तळताना वाफ बाहेर पडत असते, त्यामुळे तेल फारसं आत शिरत नाही. तुकडा बाहेर आला की आतली वाफ थंड होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच चांगला झटका आणि मगच फ्राइज जाळीवर टाका. ढीग करू नका, झाकण तर मुळीच नको. बारीक मीठ गरम असतानाच भुरभुरवा, साधारण अर्धा चमचा. आधी लावलं तर ते पाणी सोडवतं आणि सुकवण्याची मेहनत वाया जाते.

तेलकट झाले तर एकतर तेल तापलं नव्हतं किंवा घाणा मोठा झाला. दुकानातल्या गोठवलेल्या फ्राइजवर पुष्कळदा स्टार्चचा पातळ थर असतो, म्हणून ते जास्त वेळ टिकतात. घरी तसं हवं असेल तर पहिल्या तळणाआधी कोरड्या तुकड्यांवर १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चोळा. जास्त झालं तर तेलात गाळ जमतो.

नवेच बटाटे हाती असले तर १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा व्हिनेगर आणि तितकंच मीठ घालून तुकडे ८-१० मिनिटं मंद उकळा. आंबटपणामुळे ते शिजूनही फुटत नाहीत. हे तुकडे शिजलेलेच असल्याने पहिलं तळण १ ते २ मिनिटांचं पुरे. बाकी सगळं तसंच.

पार्सलचे फ्राइज घ्यायचे असतील तर डबा उघडाच आणा. बंद डब्यात ते स्वतःच्याच वाफेत भिजतात. मायक्रोवेव्हमध्ये परत गरम केले तर आतलं पाणी आणखी बाहेर येऊन ते चिवट होतात. ओव्हन किंवा एअर फ्रायर २०० अंशांवर ४-५ मिनिटं, एकेरी थरात. दोन्ही नसेल तर कोरडा तवा मध्यम आचेवर, सतत हलवत.

उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून ठेवा. खाली बसलेले बटाट्याचे कण पुढच्या वेळी जळून कडवट वास देतात. तेल काळपट, दाट झालं किंवा आधीपेक्षा लवकर धुरकटू लागलं, तर ते टाकून द्या.