पहिली कुदळ पडण्याआधी : लांब पल्ल्याच्या लोहमार्गाची तयारी

प्रवासी आणि माल दोन्ही वाहणारा शेकडो किलोमीटरचा लोहमार्ग हाती घेताना सर्वांत आधी चढ आणि वळणे कागदावर पक्की करावीत, कारण इंजिने, डबे, स्थानके पुढे बदलता येतात, पण रुळांची आखणी एकदा झाली की ती सहसा बदलत नाही. बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर चढ असल्यामुळे आजही गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेने मात्र १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ आणि १,२५० मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घ्यायचे नाही असे ठरवले, आणि त्याची किंमत नव्वदहून अधिक बोगदे व लहानमोठे सुमारे २,००० पूल बांधून मोजली. माझ्या मते हा सौदा योग्यच होता.

पैशाची तजवीज कामाआधी लेखी करून घ्यावी. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळचा प्रत्येकी ६ असा ठरला आणि उरलेली मोठी रक्कम कर्जरोख्यांतून उभी राहिली.

भूसंपादनासाठी वेगळा, जाणता माणूस नेमावा. कोकणात एकाच सातबाऱ्यावर पंधरावीस नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईला. सह्या गोळा करण्यातच पावसाळा उलटतो.

सर्वांत जास्त वेळ मातीला द्यावा. कठीण कातळाचे भय वाटते, पण त्यासाठी यंत्रे मिळतात. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा त्यातूनच गेला. खरा घात मऊ मातीने केला. वर टणक जांभा, त्याखाली पांढुरकी चिकण माती, जी हातात घेतली तर घट्ट वाटते आणि पाणी लागताच साबणासारखी निसटते. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात छत वारंवार कोसळले, खोदाई हातानेच पुढे सरकवावी लागली, मजुरांचे जीव गेले, आणि संपूर्ण मार्ग सुरू होण्यासाठी जानेवारी १९९८ उजाडला. म्हणून प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशीच नव्हे, तर मध्यभागीही माती तपासण्यासाठी बोअर (खोल छिद्रे) घ्यावेत आणि भूजलाची पातळी मे महिन्यात व पुन्हा ऑगस्टमध्ये मोजावी. उन्हाळ्यातला एकच आकडा अर्धवट माहिती देतो.

मालवाहतुकीचा हिशेब प्रवाशांच्या आधी मांडावा. मार्ग एकेरी असेल तर समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देतात त्या क्रॉसिंग स्थानकांवरील जादा रूळ सर्वांत लांब मालगाडी मावेल इतका असावा, नाहीतर मेलगाड्याही खोळंबतात. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची रो-रो सेवा कोकण रेल्वेवर १९९९ पासून चालू आहे. तशी सेवा मनात असेल तर बोगद्याची उंची आधीच त्या मापाने तपासावी.

शेवटी पावसाळ्याची तजवीज बांधकामाच्या अंदाजपत्रकातच घालावी. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दगड आल्याने झालेल्या अपघातात ५० हून अधिक माणसे गेली. कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या, उतारावर पायऱ्या व जाळ्या, माथ्यावर पाणी अडवून बाजूला काढणारे चर, उंच पुलांवर वारामापक, जागोजागी पर्जन्यमापक, मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, आणि प्रत्येक धोक्याच्या कटिंगवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यासाठी कोरडी चौकी, बॅटरी, लाल दिवा व चालू स्थितीतला वायरलेस.