छोट्या हत्तीत राहायची वेळ आली, तर आधी जागा बघा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत काम मिळतं, पण खोलीचं भाडं आणि डिपॉझिट जमवता जमवता जीव जातो. म्हणून भाजी विकणारे, माल वाहणारे काही जण गाडीतच पथारी टाकतात. आम्ही नवरा-बायको आणि सहा वर्षांची पोर, छोट्या हत्तीच्या, म्हणजे टाटा एस टेम्पोच्या, मागच्या हौद्यात सात महिने राहिलो. आम्हाला जे उशिरा कळलं, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते.

पहिलं काम जागेचं. आम्ही गादी, ताडपत्री, बल्ब गोळा करत बसलो आणि पहिल्या रात्री संडास कुठं आहे हेच माहीत नव्हतं. बाईमाणसाला ती रात्र किती लांब वाटते, हे मी विसरणार नाही. दिवसाउजेडी पायी फिरा. पाच मिनिटांच्या अंतरावर सार्वजनिक शौचालय किंवा पेट्रोल पंप हवा; पिण्याचं पाणी आणि शौचालय या सोयी पंपावर मोफत असायला हव्यात. शौचालयाला रात्री कुलूप लागतं का, ते मात्र रात्रीच जाऊन बघा. रस्त्यावर दिवा हवा आणि जाग असलेलं एखादं दुकान हवं.

मग त्या दुकानदाराला विचारा. लपूनछपून राहू नका.

“दादा, रातच्याला इथं गाडी लावली तर चालंल का?”

“लावा की. पण सातच्या आत काढा, दुकान उघडायचं असतंय.”

एवढ्याशा बोलण्यावर आम्हाला राखणदार मिळाला.

सातला गाडी काढणं आपल्याही सोयीचं असतं. सार्वजनिक जागेत १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आहे. हौद्यात वेल्डिंग करून पलंग, कप्पे ठोकू नका, गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. सुटी फळी आणि त्यावर गोधडी पुरते. गाडी चालू असताना मागे लेकरं बसवू नका, कितीही जवळ जायचं असलं तरी.

आता ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्रा तव्यासारखा तापतो. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं, म्हणून गाडीच्या पश्चिमेला भिंत किंवा दाट कडुलिंब येईल अशी उभी करा. ताडपत्री हौद्याला चिकटवून बांधू नका, वर वीतभर फट ठेवून ताणा, म्हणजे हवा खेळते. वर ओलं गोणपाट टाकलं की आणखी फरक पडतो. पण वळवाचं आभाळ भरून आलं की तोच लिंब धोक्याचा. झाडाखालून गाडी काढा, सगळे केबिनमध्ये बसा, काचा लावा. बंद पत्र्याची केबिन विजेपासून बरंच राखते, ताडपत्री राखत नाही. पावसाळ्यात खाम नदीच्या किंवा नाल्याच्या काठाला मुक्काम नकोच.

नळाला इथं रोज पाणी नसतं. पिण्यासाठी २० लिटरचा जार घ्या. धुणं-आंघोळीसाठी वस्तीतल्या एखाद्या घराशी बोलून ठेवा आणि त्यांच्या नळाचा दिवस लक्षात ठेवा.

स्वयंपाक नेहमी बाहेर. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो उभाच ठेवा. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपण्यातही तोच धोका आहे.

कागदपत्रं डब्यात, डबा केबिनमध्ये. गावचं रेशन कार्ड बंद करू नका. आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून शहरातल्या दुकानातही धान्य मिळतं. पोरीच्या शाळेसाठी मी जन्मदाखला शोधत दोन महिने घालवले. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, ते मला ठाऊकच नव्हतं. मतदार यादीतही बेघराचं नाव लागतं: अर्ज क्रमांक ६ भरा, अधिकारी रात्री येऊन तुम्ही तिथं झोपता का ते बघतो. आणि अंगात ताप असेल किंवा बाळंतीण असेल, तर महापालिकेत बेघर निवाऱ्याची चौकशी करा. शहरात लाखामागे १ निवारा असावा असा निकष आहे, मागायला लाजू नका.

खोली शोधणं मात्र एक दिवसही थांबवू नका. घरमालक पहिला प्रश्न विचारतो, “तुम्हाला ओळखतंय कोण?” आमच्यासाठी तो दुकानदार उभा राहिला. त्याच्या शब्दावर रांजणगावात खोली मिळाली, डिपॉझिट तीन हप्त्यांत.